पहिल्या नावासाठीचा ऑगस्ट : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील जागांची चुरस

ऑगस्ट महिना लागला की ओहायो, मिशिगन, अलाबामा, जॉर्जिया, टेक्सस अशा राज्यांतील कचेऱ्यांत संभाषणाचा विषय हळूहळू बदलतो. सुट्ट्यांच्या गप्पा मागे पडतात आणि एकच प्रश्न पुनःपुन्हा कानी येतो : यंदा पहिला कोण? नव्याने अमेरिकेत आलेल्या मराठी अभियंत्याला किंवा डॉक्टरला हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. सामने अजून सुरू झालेले नसतात, मैदानात प्रेक्षक नसतात, गुणतक्ता कोरा असतो, आणि तरीही सहकारी एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या खांद्याविषयी किंवा चेंडूफेकीविषयी हिरिरीने बोलत असतात. ज्या चुरशीविषयी ही चर्चा चालते, तिचे स्वरूप, तिचे नियम, तिचा इतिहास आणि अलीकडे तिच्यात शिरलेला पैसा यांची माहिती प्रस्तुत लेखात एकत्र दिली आहे. उदाहरणांसाठी मुख्यतः कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ निवडला आहे. कारण गेल्या दहा-बारा वर्षांत या एकाच संघाच्या ऑगस्टमधील निर्णयांतून जेवढे काही घडले, तेवढे अन्यत्र क्वचितच घडले असेल.

संघ आणि क्रमतक्ता

येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच लंबगोल चेंडूचा अमेरिकी खेळ. मैदानात एका वेळी अकराच खेळाडू उतरत असले, तरी आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगांसाठी तिसरी तुकडी वेगळी, अशी त्याची रचना असते. त्यामुळे मोठ्या विद्यापीठाच्या संघात शंभराहून अधिक तरुण असतात. प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावलेला असतो आणि तो ज्या तक्त्यात मांडतात त्याला डेप्थ चार्ट म्हणतात. हंगामापूर्वीची सारी धडपड या तक्त्यातील पहिल्या ओळीसाठी असते.

क्रिकेटशी तुलना करायची तर फलंदाजाला क्रमांक बदलून का होईना संघात सामावून घेता येते. यष्टिरक्षक मात्र एकच. फुटबॉलमधील क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीची सूत्रे हाती असणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, हा असा यष्टिरक्षकासारखा एकटा असतो. धावणाऱ्या दोघांना आळीपाळीने वापरता येते, झेल घेणारे तीन-चार जण एकदम मैदानात असतात, बचाव फळीतील धिप्पाड खेळाडू तर दमतात म्हणून सतत बदलावेच लागतात. क्वार्टरबॅकची जागा वाटून घेता येत नाही. तसे प्रयत्न झाले आहेत. ते बहुधा फसले आहेत. म्हणूनच ऑगस्टमधील बातम्यांत नव्वद टक्के शाई या एका जागेवर खर्च होते, आणि उरलेल्या जागांवरील निर्णय, जे कित्येकदा सामन्याचा निकाल अधिक ठरवतात, ते कोपऱ्यात राहतात.

पंचवीस सराव

चुरशीचा पहिला अंक वसंत ऋतूत होतो. मार्च-एप्रिलमध्ये संघाला पंधरा सराव करण्याची मुभा असते आणि त्यांचा शेवट अनेक ठिकाणी एका अंतर्गत प्रदर्शनीय सामन्याने होतो. दुसरा आणि निर्णायक अंक म्हणजे पहिल्या सामन्यापूर्वीचे साधारण महिनाभराचे ऑगस्टचे शिबिर. महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था या शिबिरात पंचवीस सरावांची मर्यादा घालते.

हे आकडे असे का ठरले हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पूर्वी दिवसातून दोनदा, भर उन्हात, पूर्ण चिलखत चढवून सराव करण्याची परंपरा होती आणि तिचा अभिमानही बाळगला जाई. उष्माघाताने आणि डोक्यावरील आघातांनी खेळाडूंचे बळी गेले, तेव्हा ही परंपरा हळूहळू मोडीत निघाली. २०१७ साली एकाच दिवशी दोन शारीरिक संघर्षाचे सराव घेण्यास बंदी आली. २०२१ साली आणखी कडक नियम झाले : शरीर उष्णतेला सरावावे म्हणून पहिले सात दिवस बेताचे, सर्व संरक्षक साधने चढवून होणारे सराव जास्तीत जास्त नऊ, संपूर्ण धडकाधडकीचा सराव लागोपाठ दोन दिवसांहून अधिक नाही, आणि कोणत्याही एका सरावात अशा धडकाधडकीला पंचाहत्तर मिनिटांची सीमा. पहिल्या दिवशी मुले केवळ शिरस्त्राण घालून उतरतात, मग खांद्यांचे कवच चढते आणि पूर्ण साज सर्वांत शेवटी येतो.

खेळाडूंच्या जिवासाठी ही मर्यादा आवश्यकच होती. परंतु तिचा एक परिणाम चुरशीवर झाला. खरी परीक्षा घेण्याचे दिवस कमी झाले. आक्रमक फळीतील मुलगा समोरच्याचा धक्का झेलू शकतो की नाही, हे हाफपँटमधील सरावात कळत नाही. ते कळण्याचे दिवस आता हातांच्या बोटांवर मोजता येतात आणि त्यातल्या एखाद्या दिवशी पाय मुरगळला, तर मुलाचे वर्ष जाते. प्रशिक्षक चकले तर त्याला यामुळे थोडी क्षमा करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निवड कशी होते

शिबिरात चलन एकच : पहिल्या तुकडीबरोबर मिळालेल्या चालींची संख्या. सराव सुरू झाला की पत्रकारही हीच मोजदाद करतात. कोणत्या मुलाने पहिल्या फळीबरोबर किती वेळा चेंडू हाताळला, किती फेकी अचूक गेल्या. मात्र प्रशिक्षकांच्या खोलीत याहून वेगळा हिशेब चालतो. प्रत्येक चाल कॅमेऱ्यात टिपलेली असते आणि रात्री तिच्या प्रत्येक घटकाला गुण दिले जातात. फेक अचूक गेली, पण चुकीच्या माणसाकडे गेली, तर गुण कापले जातात. चेंडू टाकून दिला आणि पुढील चालीसाठी संघ वाचवला, तर प्रेक्षकाला निष्फळ वाटणाऱ्या त्या कृतीला पैकीच्या पैकी मिळतात.

यासाठी प्रसंग मुद्दाम रचले जातात. तिसऱ्या प्रयत्नात सात यार्ड हवेत. शेवटची दोन मिनिटे उरली आहेत आणि संघ पिछाडीवर आहे. गोलरेषा पाच यार्डांवर आहे. क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाचा सदरा असतो, ज्याचा अर्थ याला धडक द्यायची नाही. येथे एक मोठी गोम आहे. ज्या जागेची निवड सर्वांत महत्त्वाची, त्याच जागेची परीक्षा सर्वांत कृत्रिम परिस्थितीत होते. दोनशे ऐंशी पौंडांचा माणूस अंगावर येत असताना मुलगा नजर वर ठेवतो की खाली घालतो, हे पहिल्या सामन्यापर्यंत कोणालाच ठाऊक नसते.

ओहायो स्टेटमध्ये या काळाला एक दृश्य खूणही आहे. प्रशिक्षक अर्बन मायर २०१२ साली तेथे आले, तेव्हापासून नव्याने दाखल झालेल्या खेळाडूच्या शिरस्त्राणावरील मधली पट्टी काळ्या चिकटपट्टीने झाकली जाते. आपण या संघाचे खरोखरीचे घटक झालो आहोत, हे सरावातील कष्टांनी सिद्ध केल्यावर ती काळी पट्टी समारंभपूर्वक काढली जाते. कोणाची पट्टी निघाली ही कोलंबसमध्ये ऑगस्टमधील स्वतंत्र बातमी असते. पट्टी निघणे म्हणजे पहिल्या ओळीत नाव येणे नव्हे. तरी प्रशिक्षक कोणावर विसंबू लागले आहेत, याचा तो बऱ्यापैकी विश्वसनीय संकेत ठरतो.

२०१४ : तिसरा पहिला झाला, तेव्हा

या साऱ्या पद्धतीची ताकद आणि मर्यादा एकाच वेळी दाखवणारे वर्ष म्हणजे २०१४. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर हा लागोपाठ दोन हंगाम आपल्या बिग टेन परिषदेतील सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला होता. त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, परंतु तो परतणार हे गृहीत होते. प्रश्न होता तो त्याच्या पाठीमागे दुसरा कोण एवढाच. वसंतात क्लीव्हलंडचा उंचापुरा, तोफेसारखी फेक असलेला कार्डेल जोन्स पुढे होता. ऑगस्टच्या शिबिरात टेक्ससहून आलेल्या जे. टी. बॅरेटने त्याला मागे टाकले. ती दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची अदलाबदल होती, आणि कोणी तिची विशेष दखल घेण्याचे कारण नव्हते.

१८ ऑगस्टला सरावात चेंडू फेकताना मिलरचा तोच खांदा पुन्हा दुखावला आणि त्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच संपला. नौदल अकादमीविरुद्धचा पहिला सामना अवघ्या बारा दिवसांवर होता. दुसऱ्या जागेसाठी जिंकलेली ती किरकोळ स्पर्धा एका रात्रीत देशातील सर्वांत चर्चित निर्णय झाली. बॅरेटने तो पहिला सामना जिंकला. मात्र दुसऱ्याच आठवड्यात, स्वतःच्या मैदानावर, व्हर्जिनिया टेकने ओहायो स्टेटला ३५-२१ असे हरवले. बॅरेटच्या तीन फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पळवल्या. शिबिरातील निवड चुकली, असे त्या रात्री बहुतेकांचे मत झाले.

त्यानंतर संघ हरला नाही. बॅरेटने त्या हंगामात फेकून आणि धावून मिळून ४५ टचडाउन केले. बिग टेनमध्ये तो विक्रम होता. आणि मग २९ नोव्हेंबरला, मिशिगनविरुद्धच्या सामन्यात, शेवटच्या सत्रात त्याचा घोटा मोडला.

आता उरला तो ऑगस्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर ढकलला गेलेला कार्डेल जोन्स. त्याने आयुष्यात एकाही महाविद्यालयीन सामन्याची सुरुवात केली नव्हती. त्याच्या पहिल्या सामन्यात ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला ५९-० असे धुऊन काढले. दुसऱ्यात, १ जानेवारी २०१५ रोजी, अलाबामाला ४२-३५ असे हरवले. तिसऱ्यात ओरेगनला ४२-२० असे नमवून चार संघांच्या नव्या पद्धतीतील पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. शिबिरात मग चूक झाली होती की नव्हती? बॅरेटच्या ४५ टचडाउनांकडे पाहिले तर नव्हती, जोन्सच्या तीन सामन्यांकडे पाहिले तर होती. ऑगस्टमध्ये ज्याला आपण निकाल म्हणतो तो अनेकदा दोन जवळपास सारख्या मुलांतला अंदाज असतो.

२०१५ : तिघे उपलब्ध, जागा एक

पुढच्या वर्षी मायर यांच्यापुढे उलट अडचण उभी राहिली. तिन्ही क्वार्टरबॅक विजेते होते आणि तिघेही परत आले. मिलरने स्वतःच तिढा थोडा सोडवला. त्याने जागा बदलून झेल घेणाऱ्याची भूमिका स्वीकारली. बॅरेट आणि जोन्स यांच्यातील निर्णय मायर यांनी संपूर्ण ऑगस्टभर गुलदस्त्यात ठेवला. व्हर्जिनिया टेकविरुद्धच्या पहिल्या सामन्यात आक्रमणाची तुकडी मैदानात उतरली, तेव्हाच जगाला कळले की जोन्स पहिला आहे.

तो सामना ४२-२४ असा सहज जिंकला गेला. परंतु पुढील आठवड्यांत जोन्सची लय बिघडली, बॅरेट गोलरेषेजवळ आत-बाहेर होऊ लागला, आणि सात सामन्यांनंतर सूत्रे बॅरेटकडे गेली. मध्ये बॅरेटवर एका सामन्याची बंदी आली म्हणून जोन्स पुन्हा परतला. वर्षात केवळ एकच सामना गमावला, मिशिगन स्टेटविरुद्ध १७-१४ असा. पण त्या एका पराभवाने राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झाले. कागदावर तो संघ आदल्या वर्षीपेक्षा भारी होता. आक्रमणाची आखणी करणारे टॉम हर्मन दरम्यान ह्यूस्टनचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निघून गेले होते, हेही घसरणीचे एक कारण मानले जाते. तरीही, दोन पहिले असलेल्या संघाला पहिला नसतोच, ही जुनी तक्रार त्या हंगामाला बरीचशी लागू पडते, असे आम्हांस वाटते.

जोन्सविषयी एक आकडा येथे नोंदवण्याजोगा आहे. त्याने ओहायो स्टेटसाठी सुरुवात केलेले अकराही सामने संघाने जिंकले, आणि तरी त्याला जागा टिकवता आली नाही. बॅरेट तीनदा कर्णधार झाला, पण २०१८ च्या व्यावसायिक निवडीत त्याचे नाव कोणत्याही संघाने पुकारले नाही. जागा जिंकणे आणि पुढे भवितव्य घडणे यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

मोडलेल्या हाडाची किंमत

याचा सर्वांत ठळक पुरावा जो बरो. ओहायोतच वाढलेला हा मुलगा २०१५ साली संघात आला. पहिले वर्ष तो रेडशर्ट होता, म्हणजे सराव करायचा, सामने खेळायचे नाहीत, आणि खेळण्याच्या चार हंगामांपैकी एकही खर्ची घालायचा नाही. पुढे तो बॅरेटच्या मागे दुसरा झाला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना, सरावात त्याच्या फेकीच्या हातातील हाड मोडले. तो बाजूला झाला आणि ड्वेन हॅस्किन्स दुसऱ्या क्रमांकावर आला.

त्या वर्षी नोव्हेंबरात मिशिगनच्या मैदानावर बॅरेटचा गुडघा दुखावला तेव्हा ओहायो स्टेट २०-१४ असे मागे होते. उतरला तो हॅस्किन्स. त्याने सातपैकी सहा फेकी अचूक केल्या आणि सामना ३१-२० असा फिरवला. वास्तविक ती संधी बरोची असती. २०१८ च्या वसंतात दोघांत चुरस झाली. मायर यांनी जाहीर निर्णय दिला नाही, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे बरोला समजले. तीन वर्षांत त्याच्या वाट्याला एकूण ३९ फेकी आल्या होत्या. पदवी हाती होती, आणि पदवीधराला दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळता येई. मे महिन्यात तो लुइझियाना स्टेटकडे गेला.

मायर आणि त्यांचे सहकारी चुकले असे म्हणण्यापूर्वी हॅस्किन्सचा हंगाम पाहावा : ४,८३१ यार्ड आणि ५० टचडाउन फेकी. देशातील सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन सन्मानासाठी तो अंतिम यादीत तिसरा आला. यापेक्षा चांगली निवड कोणती असू शकते? आणि बरोने २०१९ मध्ये काय केले? ६० टचडाउन फेकी, हाइझमन, पंधरापैकी पंधरा विजय, राष्ट्रीय विजेतेपद आणि व्यावसायिक निवडीत पहिला क्रमांक. हॅस्किन्स २०२२ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, रस्त्यावरील अपघातात मरण पावला. कोलंबसमध्ये २०१७ च्या त्या नोव्हेंबरमधील सामन्याची आठवण निघते तेव्हा आता तिच्यात ही खंतही मिसळलेली असते.

२०२१ नंतर

त्यानंतरच्या वर्षांचा आढावा थोडक्यात घेता येईल. मायर यांच्या जागी आलेले रायन डे यांनी २०२१ मध्ये सी. जे. स्ट्राउडची निवड केली. महाविद्यालयीन पातळीवर त्याने तोवर एकही फेक केली नव्हती, आणि तो पुढे दोन्ही वर्षे हाइझमनच्या अंतिम यादीत आला. २०२३ मध्ये काइल मकॉर्ड आणि डेव्हिन ब्राउन यांच्यातील प्रश्न ऑगस्टमध्ये सुटलाच नाही. इंडियानाविरुद्ध मकॉर्डने सुरुवात केली, ब्राउनलाही संधी दिली गेली, आणि दोन सामन्यांनंतर मकॉर्डचे नाव पक्के झाले. मिशिगनविरुद्ध ३०-२४ असा पराभव पदरी पडल्यावर तो सिरॅक्यूजला गेला आणि २०२४ मध्ये फेकीच्या यार्डांत देशात पहिला आला. कोलंबसमध्ये त्याची जागा कॅन्सस स्टेटहून आलेल्या विल हॉवर्डने ऑगस्टमधील स्पर्धा जिंकून घेतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये नोत्र देमला ३४-२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जुलियन सेन आणि लिंकन किनहोल्ट्झ यांच्यात चुरस झाली. सेनचे नाव जाहीर झाले, आणि पहिल्याच सामन्यात टेक्ससला १४-७ असे रोखण्यात आले.

हॉवर्ड कॅन्सस स्टेटचा, सेन अलाबामाहून आलेला. या दोन नावांतच गेल्या काही वर्षांत काय पालटले ते दिसते.

दारे, मुदती आणि पैसा

पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला बहुधा एक वर्ष बसून काढावे लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे बदलीसाठी नाव नोंदवण्याची यादी, सुरू झाली. २०२१ मध्ये एकदा विनाप्रतीक्षा बदली करण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये, अभ्यासक्रमातील प्रगती समाधानकारक असेल तर, कितीही वेळा. त्याच २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापराबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची परवानगी मिळाली. पहिल्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला लाखो डॉलर मिळू शकतात. दुसऱ्याला त्याचा अंशही नाही. एकोणीस वर्षांच्या मुलासाठी ऑगस्टमधला निर्णय आता त्याच्या घरचा अर्थसंकल्प ठरवू लागला आहे.

या संदर्भात मुदतींना महत्त्व आहे. काही वर्षे बदलीसाठी हिवाळ्यात एक आणि एप्रिलमध्ये एक अशा दोन मुदती असत. वसंतातील सरावात आपण मागे पडलो असे वाटणारा मुलगा एप्रिलमध्ये निघून जाई. म्हणूनच प्रशिक्षक वसंतात निर्णय जाहीर करणे टाळत. हरणारा निघून गेला तर दुखापतीच्या वेळी कोणाकडे पाहायचे? चुरस अजून संपलेली नाही, हे प्रशिक्षकांचे वाक्य कित्येकदा खेळाविषयी नसून या मुदतीविषयी असे. २०२६ पासून एप्रिलची मुदत रद्द होऊन जानेवारीतील एकच पंधरवडा उरला आहे. ऑगस्टमध्ये हरलेल्याला तर पूर्वीही आणि आताही तो हंगाम तेथेच काढावा लागतो. २०१८ पासूनच्या नियमाने त्याला एक दिलासा मात्र दिला : चारपर्यंत सामने खेळूनही रेडशर्ट राहता येऊ लागले, त्यामुळे वर्ष सर्वस्वी वाया जात नाही.

सर्वांत कठोर बदल मात्र क्वार्टरबॅकांच्या वाट्याला आलेला नाही. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी हाउस खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली. तिच्यान्वये विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. फुटबॉलमधील ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू ही मर्यादा आली. शिष्यवृत्त्या वाढल्या, परंतु माणसे कमी झाली. अनेक मोठ्या संघांत पूर्वी सव्वाशेच्या घरात मुले असत. त्यांतील बरेच वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःचे शुल्क भरून, आवडीखातर सराव करणारे. आता शंभर ते एकशे पाच या क्रमांकांसाठी होणारी चुरस ही खरोखर संघात राहण्याची की बाहेर पडण्याची असते. बेकर मेफील्ड हा ओक्लाहोमात वॉक-ऑन म्हणूनच आला होता. २०१५ च्या शिबिरात त्याने प्रस्थापित ट्रेव्हर नाइटला मागे टाकले, २०१७ चा हाइझमन जिंकला आणि २०१८ च्या व्यावसायिक निवडीत तो पहिला ठरला. त्याच्यासारख्यांना आत शिरायला असलेले दार आता अरुंद झाले आहे.

मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली, त्यांना गणतीबाहेर ठेवून परत घेण्याची सवलत तडजोडीत मागाहून घालण्यात आली खरी. पण ती त्या एका पिढीपुरती आहे, आणि परत घेणे विद्यापीठाच्या मर्जीवर आहे.

ज्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही

आक्रमक फळीतील पाच जणांची निवड हा शिबिरातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न असतो. येथे प्रत्येक जागेवरचा सर्वोत्तम मुलगा शोधत नाहीत, तर एकत्र सर्वोत्तम ठरणारे पाच जण शोधतात. त्यामुळे एकच मुलगा सकाळी डावीकडे, दुसऱ्या दिवशी उजवीकडे, आणि शेवटी मध्यभागी उभा दिसतो. मध्यावरच्या सेंटरने केवळ चेंडू मागे द्यायचा नसतो. समोरचा बचाव पाहून शेजाऱ्यांना कोणी कोणाला अडवायचे हेही सांगायचे असते. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते, ती डावी कड सांभाळणाऱ्या टॅकलची जागा विशेष मोलाची. ही फळी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातही पक्की नसेल, तर सप्टेंबरमध्ये क्वार्टरबॅक कोणीही असला तरी त्याची धडगत नाही.

चेंडू लाथाडणाऱ्या किकरची स्पर्धा याच्या अगदी उलट, निखळ आकड्यांची : किती अंतरावरून किती प्रयत्न, किती यशस्वी. तेथे वाद घालायला जागाच नसते. आणि नव्या मुलांसाठी खरा मार्ग जातो तो विशेष तुकड्यांतून. चेंडू लाथाडल्यावर पन्नास यार्ड धावत जाऊन समोरच्याला पाडण्याच्या कामासाठी तारांकित खेळाडूंना राबवत नाहीत; ते काम पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे येते, आणि प्रशिक्षकांचा विश्वास बहुतेकदा येथूनच कमावला जातो.

बातम्या कशा वाचाव्यात

ऑगस्टमधील प्रशिक्षकांची विधाने जशीच्या तशी घेऊ नयेत. सर्वांची प्रगती समाधानकारक आहे, या वाक्यात माहिती काहीच नसते. पहिल्या तुकडीबरोबर कोण उभा होता, ही नोंद अधिक उपयोगी. आणि ती एका दिवसाची नसून आठवडाभराची असेल तर अधिकच. पहिल्या सामन्याच्या आठवड्यात बहुतेक संघ आपला तक्ता प्रसिद्ध करतात. त्यात दोन नावांच्या मध्ये ‘किंवा’ हा शब्द छापलेला दिसला, तर गोंधळून जाऊ नये. कधी निर्णय खरोखर झालेला नसतो, कधी तो प्रतिस्पर्ध्यापासून लपवायचा असतो, आणि कधी दुसऱ्या मुलाचे मन राखायचे असते. बिग टेन परिषदेत २०२३ पासून प्रत्येक संघाला, कोणते खेळाडू खेळू शकणार नाहीत याची यादी सामन्यापूर्वी जाहीर करावी लागते. ती सामना सुरू होण्याच्या दोन तास आधी येते.